रेडिओवर सांगितलेलं दुखणं

त्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तरेकडच्या सीमेवर होती. आमच्या कंपनीकडे डोंगराच्या धारेवरची एक पोस्ट होती. तिचं नाव लिहीत नाही. सगळीकडे बर्फ, मध्ये फायबरच्या दोन झोपड्या आणि आम्ही पंधरा-सोळा जण. सुभेदार साहेब पोस्ट कमांडर. त्यांच्या खालोखाल मी, मॉर्टर सेक्शनचा हवालदार.

पोस्टवरचं काम रोज तेच असतं. उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागी उभं राहायचं. मग चहा. मग बर्फ उपसायचा. झोपडीच्या छपरावरचा, मॉर्टरच्या खड्ड्यातला, संडासाच्या वाटेवरचा. उपसला की पुन्हा पडतो. हवा साफ असली की खालच्या पोस्टवरून रॉकेलचे जेरीकॅन आणि रेशन पाठीवर बांधून वर आणायचं.

मॉर्टर म्हणजे उखळी तोफ. तिचे तीन भाग असतात. नळी, तिला आधार देणारे दोन पाय आणि खाली बेसप्लेट. बेसप्लेट म्हणजे धातूची जाड ताटली. गोळा सुटताना बसणारा धक्का ती जमिनीत जिरवते. डोंगरात गाडी जात नाही, तिथं ती एकाच्या पाठीवर बांधतात. शिपाई असताना ती बहुतेक वेळा माझ्या पाठीवर असायची. माझा बांधा दणकट होता आणि मला त्याचा अभिमान होता.

कंबर दुखायची. सगळ्यांचीच दुखायची. नर्सिंग असिस्टंट गोळी द्यायचा, आम्ही बाम चोळायचो. फौजेत पाठदुखीला कुणी दुखणं म्हणत नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, जखम डोळ्यांना दिसते. पाठ दुखते म्हणणाऱ्याकडे सगळे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. काम टाळतोय, असं त्या नजरेत असतं. मीही तसंच बघत आलो होतो.

पोस्टवर आम्ही खानदेशी दोघंच. मी धरणगावकडचा, दुसरा लान्स नायक भिवसन. त्याचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. बारीक चणीचा, न दमणारा. चढ लागला की तो एसटीच्या कंडक्टरसारखा थांबे पुकारायचा. धुळे, कुसुंबे, नेर, साक्री, पिंपळनेर. पिंपळनेर आलं की पुन्हा धुळे. बाकीचे जवान सातारा-कोल्हापूरकडचे. त्यांनाही ही गावं पाठ झाली होती. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, आम्ही दोघंच असलो की भाऊ.

तीन दिवस बर्फ पडून गेल्यावर एका दुपारी ऊन पडलं. मी खाटेवर बसून बूट घालत होतो. बूट ओढायला वाकलो आणि थोडा उजवीकडे वळलो. एवढंच केलं. हातात जेरीकॅन नव्हता, पाठीवर काही नव्हतं. कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दोन्ही पायांत वीज गेल्यासारखी कळ आली. मी खाली बसलो तो उठलोच नाही. कुणीतरी हसत म्हणालं, "उस्ताद, बूट भारी पडला का?" मीही हसलो.

सकाळी हसू राहिलं नव्हतं. उजवं पाऊल वर उचलेना. टाच टेकत होती, पुढचा भाग लोंबत होता. त्याहून वाईट म्हणजे बसायची जागा सुन्न होती. घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथं लागतं तेवढा सगळा भाग. हात लावला तर दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखा वाटायचा. पोट फुगलं होतं आणि लघवी होत नव्हती. दोघांनी धरून बाहेर नेलं, मी उभा राहिलो, जोर केला. काही नाही.

नर्सिंग असिस्टंट हुशार मुलगा होता, केरळकडचा. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि रेडिओवर खाली बटालियनच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर कॅप्टन होते, आम्ही त्यांना आरएमओ साहेब म्हणायचो. त्या नेटवर, म्हणजे रेडिओच्या त्याच लहरीवर, आमच्यासारख्या बाकीच्या पोस्टही असायच्या. सकाळच्या वेळी सगळे ऐकत असतात.

"मरीज का पेशाब हुआ? ओवर."

"नहीं हुआ सर. कल शाम से बंद है. ओवर."

"पैर?"

"दायाँ पंजा नहीं उठ रहा. ओवर."

"सुन्न कहाँ है? ओवर."

नर्सिंग असिस्टंटनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"बैठने की जगह, सर. और आगे भी. ओवर."

मग आरएमओ साहेब म्हणाले, "दोनों तरफ?"

"दोनों तरफ, सर."

"आज नीचे लाओ. कल नहीं, आज. समझे? ओवर."

मी हवालदार होतो. नव्या पोरांना ड्रिल शिकवलेला, बॉक्सिंगमध्ये कंपनीसाठी उतरलेला. माझं सगळं अंग त्या सकाळी चार-पाच पोस्टवरच्या जवानांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही. पुढेही कधी कुणी चेष्टा केली नाही. तरी आजही कुठं वॉकीटॉकीची खरखर ऐकली की माझी मान खाली जाते.

हेलिकॉप्टर मागितलं. खिंडीत ढग होते, मिळालं नाही. पायी न्यायचं तर वाटेत एक नाला लागायचा. नाला म्हणजे दोन धारांमधली बर्फानं भरलेली घसरण. ऊन चढलं की तिथला ताजा बर्फ सुटतो. सुभेदार साहेबांनी दुर्बीण लावून नाला बघितला. मग म्हणाले, "ऊन पडायच्या आत पार व्हायचं. चौघं पाहिजेत."

भिवसन तोपर्यंत दोर बांधत होता.

निघण्याआधी नर्सिंग असिस्टंटनं मला लघवीची नळी घातली. दुसरा इलाज नव्हता. भिवसननं अंगावर घोंगडी धरली आणि तोंड भिंतीकडे केलं. पोट उतरलं तेव्हा मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. नळी घातलेली मला कळलीच नव्हती.

स्ट्रेचरला बांधून त्यांनी मला खाली काढलं. पुढे दोघं, मागे दोघं, उताराला मागच्यांनी दोर धरलेला. भिवसन पुढे डावीकडे. कुणी बोलत नव्हतं. नाल्यात तर श्वाससुद्धा दाबून घेत होते. नाला ओलांडला आणि पलीकडच्या चढाला भिवसननं हळूच सुरुवात केली. धुळे, कुसुंबे, नेर.

अर्ध्या वाटेवर मला वास आला. मला कळलं नव्हतं, पण माझ्या कपड्यांत झालं होतं. मी म्हटलं, "भिवसन, थांब." का, ते सांगता येईना. त्यानं बघितलं. तिघांना म्हणाला, बिडी ओढून घ्या, आणि त्यांना दगडापलीकडे पाठवलं. हातमोजे काढले. बर्फानं आणि आपल्या मफलरनं मला पुसलं, नीट बांधलं, मफलर बर्फात पुरला. मी डोळे मिटून होतो. तो म्हणाला, "भाऊ, कोनी नही देखं." कुणी नाही बघितलं, असं. मग तिघांना हाक मारली.

दुपारच्या आत आम्ही खालच्या पोस्टवर पोचलो. तिथं ढग विरळ झाले होते आणि हेलिकॉप्टर उतरू शकलं. मला आत सरकवताना भिवसन पंख्याच्या आवाजात ओरडून म्हणाला, "बठ्ठं बरं व्हई, भाऊ." सगळं बरं होईल. त्यानंतर मी त्याला बघितलं नाही.

लष्करी इस्पितळात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन लेफ्टनंट कर्नल मॅडम होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं, आणि त्यांनी सांगितलेलं मी आता बऱ्याच जणांना सांगतो, म्हणून इथंही लिहितो.

पाठीचा कणा म्हणजे एक सलग हाड नाही. मणक्यावर मणका रचलेला असतो आणि दोन मणक्यांमध्ये एक गादी. गादी बाहेरून टायरसारखी चिवट, आतून जेलीसारखी मऊ. मणक्यांच्या मागे पोकळी असते. तिच्यातून मेंदूकडून आलेला मज्जारज्जू खाली उतरतो, पण तो शेवटपर्यंत जात नाही. शेवटच्या बरगडीच्या थोडा खाली तो संपतो. त्याच्यापुढे नुसत्या नसा लोंबतात, घोड्याच्या शेपटीसारख्या. कडेच्या नसा बाहेर पडून पायात जातात. मधोमध असलेल्या नसा लघवी, संडास आणि बसायच्या जागेच्या. माझी गादी फाटली होती आणि आतला गर थेट मधोमध येऊन बसला होता. म्हणून दुखत होतं पायात, सुन्न होतं खाली, आणि बिघाड होता कमरेत.

मी विचारलं, "मॅडम, बेसप्लेटमुळे?"

त्या म्हणाल्या, "वजनानं गादी झिजली असेल. पण कधीही वजन न उचललेल्यांचंही असं होतं. कुठला दिवस आणि कुठलं वाकणं, ते कुणी सांगू शकत नाही."

मला बेसप्लेटच हवी होती. बुटापेक्षा ती बरी होती.

लघवी अजून नळीनंच होत होती. आठवड्यानं मॅडमनी टाचणी घेऊन पाऊल तपासलं आणि अंगठ्याजवळ मला टोचल्याचं कळलं. त्या दिवशी मी खुशीत होतो. दुपारी आमच्याच कंपनीचा एक जवान वॉर्डात आला, पाय प्लास्टरमध्ये. माझं स्ट्रेचर धरणाऱ्या चौघांतला तो एक. मला वाटलं, वर कुठंतरी घसरला असेल. मी हसत विचारलं, "तुझं काय झालं?"

तो माझ्या खाटेच्या कडेला बसला. मग सांगितलं. खालच्या पोस्टवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे ते चौघं वर निघाले. वर माणसं कमी होती, थांबून चालणार नव्हतं. ऊन नव्हतं, वेळ बरोबर निवडली होती. तरी नाल्यातला बर्फ सुटला. तिघं बाहेर निघाले. भिवसन पुढे होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

"तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं, उस्ताद," तो म्हणाला.

मी मान हलवली. टोचल्याचं कळत होतं ते पाऊल मी चादरीखाली ओढून घेतलं.

मेडिकल बोर्डानं मला फौजेतून मोकळं केलं आणि मी घरी आलो. उजव्या पावलाला प्लॅस्टिकचा पट्टा, त्याच्याशिवाय पाऊल लोंबतं. लघवी पूर्ण होत नाही, ठरलेल्या वेळी स्वतः नळी घालून काढावी लागते. हे माझ्या बायकोला, लताला, पहिल्या दिवशी सांगितलं. बाकी कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

गावानं वेशीवर पताका लावल्या होत्या. जो तो विचारायचा, "कुठं लागली गोळी?" मी म्हणायचो, गोळी नाही, पाठ. विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. मग तो सांभाळून घ्यायचा, "म्हणजे पाठीत लागली." माझे वडील, नाना, ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगायचे की पोराला लढाईत लागलं. ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते. पाठदुखीनं घरी आला हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. मी आतल्या खोलीत ऐकायचो.

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं. हेडमास्तर माइकवर म्हणाले, शत्रूशी लढताना जखमी झालेले. मी माइक हातात घेऊन म्हटलं, "सर, मी बूट घालत होतो. पाठ गेली." मुलं हसली. त्यांचं काही चुकलं नाही. हेडमास्तरांनी पुढची सूचना वाचली.

पण हळूहळू माणसं येऊ लागली, पाठवाली. कापूस वेचणाऱ्या बाया, ट्रॅक्टर चालवणारे, पाचोऱ्याचा एक हमाल. मी डॉक्टर नाही हे आधी सांगायचो. बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं असतं, चालत-फिरत राहिलं तर ते आपोआप बरं होतं, अंथरुणाला खिळू नका, कुणाला पाठीवर पाय देऊ देऊ नका, एवढं बोलायचो. आणि मग ते प्रश्न विचारायचो, जे नेटवर विचारले गेले होते. लघवी होते का? बसायची जागा सुन्न आहे का? पाऊल उचलतं का? बायांना लता विचारायची. यातलं काही असलं तर गावात थांबायचं नाही, त्याच दिवशी जळगाव किंवा धुळं गाठायचं. एका बाईनं लताला हो म्हटलं. चार दिवस ती घरात कुणाला बोलली नव्हती. तिच्या नवऱ्याला मी सगळं उघड करून सांगितलं, माझ्या नळीसकट. गाडी लगेच निघाली. ती आज शेतात जाते.

भिवसनच्या घरी मात्र मी गेलो नव्हतो. काय म्हणून जायचं? तुमचा मुलगा कशासाठी खाली उतरला होता, तर माझी कंबर धरली होती म्हणून? रात्रंदिवस तोच विचार. एक दिवस लतानं कपड्यांची पिशवी भरली आणि म्हणाली, "मी येते बरोबर. आजच जाऊ."

एसटीनं धुळ्याला आलो. स्टँडवर मी माझं नळीचं काम उरकलं, मग साक्री, मग पिंपळनेर. गाडी कुसुंब्याला थांबली, नेरला थांबली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. लतानं माझ्या हातावर हात ठेवला होता. पिंपळनेरहून रिक्षानं गाव गाठलं.

घर साधं, कौलारू. अंगणात मिरच्या वाळत होत्या. भिवसनची आई खाटेवर बसली होती, मोठा भाऊ गोठ्यातून आला. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. आईनं मला जवळ बसवलं.

"मन्हा आंडोरसंगे व्हता तू?" माझ्या मुलाबरोबर होतास?

"हो, माय."

"साहेबस्नी सांगं, बरफमा गया. कोनले लई जाई ऱ्हायंता ते नही सांगं." कुणाला घेऊन गेला होता, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "माले."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "गोळी लागेल व्हती?"

"नही, माय. पाठ गई व्हती. कमरमजारली गादी सरकनी व्हती."

मोठा भाऊ उभा होता. तो म्हणाला, "पाठदुखीकरता?" आवाज चढवला नाही. उत्तराची वाटही बघितली नाही. गोठ्याकडे गेला आणि आम्ही असेपर्यंत परत आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

मग मी आईला सगळं सांगितलं. बूट, रेडिओ, नळी, वाटेतली घाण, मफलर. बोलताना तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून मिरच्यांकडे बघत होतो. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. लताचा पदर डोळ्यांना.

मग आई म्हणाली, "चालीसन दखाड." चालून दाखव.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"चाल. देखू दे माले."

मी उठलो. अंगणाच्या एका टोकाला गेलो आणि तिथून चालत आलो. माझं उजवं पाऊल पट्ट्यातही थोडं आपटतं. मी ते जास्तच उचलायला गेलो आणि तोल गेला. भिंतीला हात टेकवून सावरलो. पुन्हा चाललो. परेडवर हजारो वेळा चाललो असेन, पण असं कुणी माझ्या पायांकडे बघितलं नव्हतं. तिची नजर पायांवरून हलली नाही.

"पडस का कव्हय?" कधी पडतोस का?

"कव्हय कव्हय."

"पन चालस," ती म्हणाली. मला नाही, लताला. "चालस ना."

लतानं मान हलवली.

आई खाटेवरून उठली, गुडघ्यांवर हात टेकवून, आणि चुलीकडे गेली. आतून म्हणाली, "भाकर खाईसन जा." आम्ही जेवलो. तिनं मला दोनदा वाढलं. लाज कमी झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात मला खाली बघून बसावं लागलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी भिवसनच्या स्मृतिदिनी मी त्याच्या गावी जातो. मोठा भाऊ आता पिंपळनेरला घ्यायला येतो. बोलत नाही फारसं, पिशवी मात्र तोच उचलतो. शाळेच्या भिंतीवर भिवसनचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. खाली लिहिलंय की देशासाठी बर्फात वीरमरण. ते खरंच आहे. गावकरी मला दोन शब्द बोलायला सांगतात. मी मुलांसमोर उभा राहतो आणि सगळं सांगतो, लघवीपासून. मोठी माणसं अवघडतात. मुलं हसतात, मग हसायची थांबतात.

लान्स नायक भिवसन. बारीक चणीचा, न दमणारा, बाकी सगळ्यांची भूक मरते त्या उंचीवरही पोटभर जेवणारा एकटा माणूस. स्वतःहून कुणाच्या वाटेला जायचा नाही आणि कुणी वाटेत पडलं तर ओलांडून जायचा नाही. त्याला मिळालेला हुकूम होता एक माणूस जिवंत खाली पोचवायचा. तो हुकूम त्यानं त्याच दिवशी पुरा केला होता. तो माणूस मी.